उणे सत्त्याण्णव

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांना जरा बाजूला सरकवतो आणि लखनौच्या विकास नगरातल्या काकांचं नाव घेतो. काका म्हणजे माझे घरमालक. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठे छापून आलं की त्यांना आधी त्यातली चूक सापडते आणि मग राग येतो. गल्लीतली मुलं त्यांना 'फौजी अंकल' म्हणायची, आणि काका दर वेळी फाटकापर्यंत येऊन दुरुस्ती करायचे, "फौजी नहीं बेटा, एयर फोर्स." मुलांना हे उत्तर पाठ होतं. म्हणूनच ती हाक मारायची.

माझे वडील परतूरला पिठाच्या गिरणीत काम करतात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, आणि तिच्या जोरावर पहिली नोकरी लागली ती थेट लखनौला, कंत्राटी. काम असं की गाडीत बसायचं, मांडीवर लॅपटॉप, त्याला जोडलेले फोन, आणि शहरभर फिरत कुठल्या चौकात मोबाइलचा सिग्नल किती येतो ते मोजायचं. आईने गावात सांगितलं होतं, "आमचा मुलगा लखनौचं नेटवर्क बघतो." लखनौचं नेटवर्क बघणाऱ्या या मुलाला आईशी सरळ चार वाक्यं बोलता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

काकांची पहिली भेट या अडचणीतूनच झाली. विकास नगरच्या बाजारात भाजीच्या ठेल्याशेजारी उभा राहून मी आईशी बोलत होतो, म्हणजे ओरडत होतो. "आई, ऐकू येतंय का? तब्येत कशी आहे? तब्येत! तब्येत गं!" शेजारी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दुधी दाबून बघत होते. दुधी तसाच हातात धरून ते म्हणाले,

"कव्हर काढ."

मराठीत! इतक्या दिवसांनी रस्त्यावर मराठी ऐकून मी बघतच राहिलो.

"अरे बघतोस काय? फोनचं कव्हर काढ लेका. गाडीत चिकटवायला मागे लोखंडाची चकती बसवलीयस ना? तुझ्या आईचं बोलणं ती चकती ऐकतेय."

मी कव्हर काढलं. आईचा आवाज स्वच्छ आला. "...आणि काही खातोस की नाही, ते तरी सांग."

फोन झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला?"

"परतूर. जालना जिल्हा."

"मी फलटण. राहतोस कुठे?"

मी सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "ती काय माणसानं राहायची जागा आहे? उद्या सामान घेऊन ये. आमची वरची खोली रिकामी आहे." मग ते ठेल्याकडे वळले. "भैया, ये लौकी पकी हुई है. दूसरी दिखाओ."

माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, सामान वर चढवून झाल्यावर.

खोली मिळाली आणि त्या संध्याकाळी स्टिकरही मिळाला. पोस्टाच्या तिकिटाएवढी, पातळ, सोनेरी चकचकीत पट्टी. तिच्यावर भूलभुलैयासारख्या रेघा. फोनच्या पाठीवर चिकटवायची, की सिग्नल वाढतो असं पाकिटावर छापलेलं. काका चौकातून, म्हणजे लखनौच्या जुन्या बाजारातून आणायचे. तिथे चिकनकारीच्या कुर्त्यांच्या दुकानांपुढे एक ठेला लागतो, त्यावर मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि हे स्टिकर. काका गठ्ठाच घ्यायचे आणि घरी शंकरपाळ्यांच्या डब्यात ठेवायचे. शंकरपाळ्यांची त्यांनी दुसरीकडे सोय केली होती. ती कुठे, हे काकूंनाही माहीत नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या फोनला स्टिकर होता, काकूंच्या फोनला होता, टीव्हीच्या रिमोटला होता, बिनतारी बेलच्या बटणाला होता. काकू म्हणायच्या, "एक यांच्या कपाळाला लावा कुणीतरी. माझं बोलणं तरी पोचेल."

शेजारीपाजारी काकांचा शब्द प्रमाण मानत. एवढी वर्षं एअर फोर्समध्ये काढली, शेवटची बदली इथल्याच बख्शी का तालाबच्या हवाई तळावर, तेव्हा रेडिओ, रडार, अँटेना हा माणूस कोळून प्यालेला असणार, असा सगळ्यांचा समज. माझाही होता. एकदा जेवताना मी आदराने विचारलं, "काका, तुम्ही तिथे रेडिओ विभागात होतात का?"

काकू पोळी लाटता लाटता थांबल्या. "हे? हे स्टोअरमध्ये होते. काउंटरच्या मागे. उभ्या आयुष्यात यांनी एक रेडिओ उघडला नाही. इश्यू केले फक्त."

काका अजिबात ओशाळले नाहीत. "अँटेना कुणी इश्यू केली, हे विमानाला ठाऊक असतं," ते म्हणाले आणि भात मागितला.

त्यांची सगळी भाषा त्या काउंटरवरची होती. मीठ हवं असलं की "मिठाची डिमांड आहे." केळी काळी पडली की "हा लॉट रिजेक्ट कर." स्टिकर ते कुणाला देत नसत, इश्यू करत. आणि इश्यू करण्याची एक पद्धत होती. ती मी पुढे इतक्या वेळा पाहिली की आजही डोळे मिटून करू शकेन.

माणूस फाटकात तक्रार घेऊन उभा राहतो. "अंकल, घर में नेटवर्क नहीं आता." काका त्याला थेट गच्चीवर नेतात. आधी फोनचं कव्हर उतरवायचं. मग पाठ कापसाने पुसायची, स्टिकर लावायचा, अंगठ्याने दाबायचा. मग फोन पूर्ण बंद करायचा आणि थोडा वेळ बंदच ठेवायचा. "सोने दो उसको. थका हुआ है." मग चालू करायचा. पाण्याच्या टाकीपासून लांब, बाजाराकडच्या कोपऱ्यात तोंड करून उभं राहायचं. फोन मुठीत धरायचा नाही, गरम कचोरी धरतात तसा वरून दोन बोटांत धरायचा, म्हणजे स्टिकर झाकला जात नाही. कानाला लावायचा नाही, स्पीकरवर टाकायचा. "बीच में सर मत लाओ." आणि वाक्य लहान बोलायचं, कारण जास्त बोललं की सिग्नल खर्च होतो.

"आधी पोझिशन, मग कनेक्शन," हे त्यांचं आवडतं वाक्य. हिंदीवाल्यांनाही ते मराठीतच ऐकवायचे.

आणि फोन लागायचा! माणसं खूश होऊन खाली उतरायची. शेजारचे मिश्राजी तर त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्याच गच्चीच्या कोपऱ्यात उभे राहून बंगळुरूच्या मुलीशी बोलायचे.

मी जे शिकलो होतो त्याप्रमाणे पाहिलं तर काकांची सगळी कृती बरोबर होती. धातूची चकती सिग्नल अडवते. फोन बंद करून चालू केला की तो नव्याने जवळचा टॉवर शोधतो. मुठीत धरला की आतली अँटेना हाताखाली झाकली जाते. डोकंही सिग्नल खातं. गच्चीचा तो कोपरा तर टॉवरच्या अगदी समोर होता. यात बिनकामाची वस्तू एकच, ती म्हणजे सोनेरी स्टिकर. त्याचा आतल्या अँटेनाशी काडीचा संबंध नसतो. तो नुसता शोभेचा कागद. पण हे कुणाला सांगणार? ज्यांच्या घरात काकू मला वाढताना "अजून एक" म्हणून दोन पोळ्या टाकत, त्या घरात?

पाकिटावर छापलं होतं की हा स्टिकर लिफ्टमध्ये, बोगद्यात, तळघरात आणि बोटीतही चालतो. काकांना बोटीचं पटकन सुचलं. "लिफ्ट कुणाकडे आहे? बोट आहे." एका रविवारी ते मला गोमतीवर घेऊन गेले. नावाड्याशी घासाघीस करून नाव मधोमध उभी करायला लावली आणि खिशातून फोन काढला. सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या.

"बघ! नदीत! फुल्ल!" काका उभेच राहिले. नाव डुलली. नावाडी ओरडला, "बाबूजी, बैठ जाइए, आप भी जाएँगे, फोन भी जाएगा!"

मी फोनची पाठ बघितली. "काका, याला स्टिकर नाहीये."

"नाही कसा?"

"हा काकूंचा जुना फोन आहे. तुमचा घरी चार्जिंगला राहिला."

काका हळूच खाली बसले. फोन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे घरी लावलेल्याचा असर इथपर्यंत येतोय."

त्यांना न दुखवता सत्य सांगायचा मी एक प्रयत्न केला. तोच माझ्या अंगाशी आला. ऑफिसचा मोजणीचा फोन मी घरी आणला होता. सिग्नल किती, हे त्यात आकड्याने दिसतं, आणि तो आकडा नेहमी उणे असतो. गच्चीवर, त्याच कोपऱ्यात, स्टिकर न लावता मोजलं, उणे पंच्याण्णव आले. स्टिकर लावून मोजलं, उणे सत्त्याण्णव.

"किती?" काकांनी चष्मा वर केला.

"आधी पंच्याण्णव, आता सत्त्याण्णव. पण काका, हे उणे आहे, म्हणजे..."

"दोननं वाढला!"

"नाही काका, उणे म्हणजे उलटं. आकडा वाढला तर सिग्नल कमी होतो."

"सत्त्याण्णव मोठा की पंच्याण्णव?"

"सत्त्याण्णव, पण..."

"मग झालं तर! त्या उण्याचं तू मला सांगू नकोस. ते तुमच्या कंपनीचं यंत्र आहे, त्याला सगळ्यातच उणं दिसणार." आणि कठड्यावरून वाकून ते ओरडले, "मिश्राजी! सत्तानवे आया है! लड़के ने मशीन से नापा है!"

त्या दिवसापासून माझी किंमत वाढली. फाटकात येणारा प्रत्येक जण आधी मला नमस्कार करू लागला. काका स्टिकर दाबता दाबता सांगायचे, "हमारे इंजीनियर साहब ने टेस्ट किया है. सत्तानवे." औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा मला बघून "सत्तानवे वाले भैया" म्हणाला. मी मान खाली घालून गोळ्या घेतल्या.

मग माझं कंत्राट संपत आलं. महिनाअखेरीला काम बंद, असं साहेबांनी सांगितलं. वडिलांना मी कळवलं नाही. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते माझ्या नोकरीबद्दल सांगत होते. दळण टाकून बिचारी गिऱ्हाइकं कुठे जाणार, ऐकून घेत होती. मी बरेच अर्ज केले. त्यातल्या एका पुण्याच्या कंपनीने फोनवर मुलाखत ठेवली. पक्की नोकरी, माझ्याच कामाची. ती नाही मिळाली तर परतूरला परत, आणि त्या गिरणीच्या दारात काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न.

मुलाखत दुपारी होती. ऑफिसातून बोलणं शक्य नव्हतं, साहेब कान देऊन असायचे. काका म्हणाले, "बाहेर कशाला जातोस? मी बंदोबस्त करतो."

मे महिना होता. लखनौची लू, तो भाजून काढणारा वारा, काय असते ते सांगून कळत नाही. त्या दुपारी काकांनी गच्चीच्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवलं, त्यावर ओलं पोतं घातलं, पोत्यावर पाट ठेवला. माझ्या फोनला सकाळीच स्टिकर लावून झाला होता. एक नव्हे, दोन. "आज डबल इश्यू." मग ते खाली गेले आणि सगळी गल्ली शांत करून आले. मिश्राजींच्या घरी फरशी कापायचं काम चाललं होतं.

"मिश्राजी, कटर बंद. लड़के की नौकरी का सवाल है."

"अरे भाई साहब, मिस्त्री बड़ी मुश्किल से आया है, भाग जाएगा!"

"नहीं भागेगा. उसको हमारे यहाँ से शरबत भेजता हूँ."

काकूंना हुकूम गेला की कुकर लावायचा नाही. काकू म्हणाल्या, "शिट्टी पुण्याला ऐकू जाते का हो?" पण कुकर उतरवला. मग काका वर आले, मोठी काळी छत्री उघडली आणि फोनवर सावली धरून माझ्याशेजारी ताठ उभे राहिले. फोन तापला तर बंद पडतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. स्वतः मात्र उन्हात. मी म्हणालो, "काका, तुम्ही तरी छत्रीत या."

"मी बंद पडत नाही."

फोन आला. पाटावर ठेवूनच मी तो स्पीकरवर घेतला. तिकडे एक गृहस्थ होते आणि एक बाई. आवाज स्वच्छ. काकांनी मला डोळ्यांनी खूण केली: बघितलंस?

सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. शिक्षण, काम, कुठली यंत्रं वापरली. बाईंनी दोन अवघड प्रश्न विचारले, त्यांतला एक मला आला. मग त्या गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "मान लीजिए, एक कस्टमर आपसे पूछता है, बाज़ार में जो एंटेना बूस्टर का स्टिकर मिलता है, वो लगाऊँ क्या? आप क्या कहेंगे?"

काकांचा चेहरा असा उजळला की बास. परीक्षेत आपल्याच धड्यावरचा प्रश्न आल्यासारखा. ते माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "सत्त्याण्णव! सत्त्याण्णव सांग!"

मी पाटाकडे बघत राहिलो. फोनच्या कडेने सोनेरी कडा दिसत होती.

"हॅलो? सुनाई दे रहा है?"

"जी सर," मी म्हणालो. "मी त्यांना सांगेन की लावू नका. तो आतल्या अँटेनाला जोडलेला नसतो. नुसता धातूचा कागद आहे. मी स्वतः मोजून पाहिलंय. लावायच्या आधी उणे पंच्याण्णव होते, लावल्यावर उणे सत्त्याण्णव. थोडासा कमीच झाला." हे मी हिंदीत बोललो, आणि काकांना हिंदी माझ्याहून चांगली येते.

छत्री हलली नाही. मी मान वर केली नाही.

"पण लोक तर शपथेवर सांगतात की फरक पडतो," बाई म्हणाल्या. "मग सगळे खोटं बोलतात का?"

"नाही मॅडम. खोटं कुणीच बोलत नाही." आता मला थांबता येईना. "माझे घरमालक अंकल लोकांना स्टिकर लावून देतात. पण लावण्याआधी कव्हर काढायला लावतात. फोन बंद करून परत चालू करायला लावतात. गच्चीवर टॉवरच्या समोर उभं करतात, हाताने अँटेना झाकू देत नाहीत, डोकं मधे येऊ देत नाहीत. त्यामुळे फोन लागतो. मी आत्ता त्यांच्यामुळेच तुमच्याशी बोलू शकतोय. स्टिकर काम नहीं करता, मैडम. अंकल काम करते हैं."

तिकडे कुणीतरी हसलं. गृहस्थ की बाई, कळलं नाही. आणि माझ्या हातावर, फोनवर, पाटावर भक्कन ऊन पडलं. काकांनी छत्री मिटली होती. ती त्यांनी व्यवस्थित गुंडाळली, बटण लावलं, कठड्याला टेकवून ठेवली आणि जिना उतरून गेले.

उरलेली मुलाखत मी ओणवा होऊन स्वतःच्या अंगाची सावली धरत दिली. काय बोललो ते आठवत नाही.

खाली आलो तर काका खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. "काका..." मी म्हणालो.

"झाली का आपली मुलाखत?" ते म्हणाले. आपली! मला रडूच आलं. लेका, गाढवा, शहाण्या, काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेव्हापासून मी 'आपण' झालो. "आपल्याला पाणी तापवून हवं का?" "आपला टॉवेल पडलाय." काकू म्हणाल्या, "रुसलेत. सत्तरीचं बाळ आहे ते. तू जेव."

काका रुसले होते, पण बसून राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, शंकरपाळ्यांचा तो डबा काखेत मारून ते घराबाहेर पडले. मला वाटलं, चौकात ठेलेवाल्याशी भांडायला निघाले. पण ते मिश्राजींच्या फाटकात थांबले.

"मिश्राजी, स्टिकर वापस दीजिए."

"क्यों भाई साहब?"

"लॉट ख़राब निकला. मेरे यहाँ से गया है, मुझे ही वापस लेना है."

तेव्हा मला कळलं. स्टोअरमधून खराब माल गेला तर तो ज्याने इश्यू केला त्यानेच परत आणायचा, ही त्यांची नोकरीतली रीत होती. आख्ख्या नोकरीत त्यांच्या काउंटरवरून एकही खराब वस्तू गेली नव्हती, हे काकूंनी मला संध्याकाळी सांगितलं. आणि निवृत्तीनंतर सगळ्या विकास नगरात त्यांनी तशी वस्तू स्वतःच्या अंगठ्याने दाबून चिकटवली होती.

पण मिश्राजी फोन पाठीमागे लपवून उभे राहिले. "ना. हम नहीं देंगे."

"अरे, ये काम नहीं करता! इंजीनियर ने मना किया है!"

"इंजीनियर को क्या पता? बच्चा है. बिटिया की आवाज़ साफ़ आती है हमको."

"वो छत की वजह से आती है!"

"तो छत भी वापस ले लीजिएगा क्या?"

काका घरोघर फिरले. कुणीही स्टिकर परत दिला नाही. औषधाच्या दुकानातला माणूस तर म्हणाला की लॉट खराब असेल तर उरलेले मला द्या. ऊन डोक्यावर आल्यावर काका परतले, डबा ओट्यावर आपटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उणे म्हणजे कमी, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं काका. गच्चीवर."

"जोरात सांगायचं." मग जरा वेळाने, "माणूस आनंदात असला की त्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही."

यापुढे फोनवर आपला विश्वास राहिला नाही, असं त्यांनी जाहीर केलं. स्वतःचा फोन बंद करून कपाटात ठेवला. काकूंचा वाजला तरी "मला देऊ नका" म्हणायचे. मी मोजून दाखवतो, स्टिकरशिवायही गच्चीवर सगळं नीट चालतं, असं मी खूप सांगितलं. ते "आपलं बरोबर असेल" एवढंच म्हणत.

माझं कंत्राट संपलं. पुण्याहून अजून काही कळलं नव्हतं. मी सामान बांधलं. चारबाग स्टेशनवर मला सोडायला काका आले. माझी बॅग त्यांनीच उचलली, डब्यात खिडकीशी बसलेल्या एका भाऊसाहेबांना सरकवून मला खिडकी मिळवून दिली आणि काकूंनी दिलेल्या पुऱ्या माझ्या मांडीवर ठेवल्या. गाडी हलताना म्हणाले, "पोचलात की कळवा. पत्रानं."

मी परतूरला असताना पुण्याचा फोन आला. कामावर या, म्हणाले, बाकीचं आल्यावर. मी पुण्याला गेलो. आणि दोन दिवसांत मला काकांना जे पत्र लिहावं लागलं ते खाली देतो. पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीची नक्कल ठेवायची, हे मी त्यांच्याकडेच शिकलो. मी आजही त्याच कंपनीत आहे, त्यामुळे पत्राचं पुढे काय झालं ते वेगळं सांगत नाही.

*तीर्थरूप काका,*

*साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचलो. पुऱ्या भुसावळपर्यंत पुरल्या, त्यातल्या काही त्या खिडकीवाल्या भाऊसाहेबांनाही दिल्या.*

*नोकरी लागली आहे, पण पक्कं पत्र अजून हातात नाही. ते देण्याआधी कंपनी एका माणसाला फोन करून आपल्याबद्दल विचारते. त्यासाठी एक फॉर्म भरायचा होता. आमच्या घरात असा फॉर्म कुणी कधी भरलेला नाही, त्यामुळे मी वडिलांनाही विचारू शकलो नाही. त्यात लिहिलं होतं, 'आपल्याला जवळून ओळखणारी, परंतु नात्यात नसलेली व्यक्ती.' मी तुमचं नाव दिलं आहे.*

*तुम्ही फोन कपाटात ठेवला आहे हे मला ठाऊक आहे. तुमचा माझ्यावर राग आहे हेही ठाऊक आहे. तरी हा एक फोन घ्या. पुढच्या आठवड्यात कधीही येईल. काकूंना तो उचलू देऊ नका, त्या माझं जेवणच सांगत बसतील.*

*मी कसा आहे ते तुम्हाला दिसलं तसं सांगा. मी तुमच्या समोर तुमच्याबद्दल खरं बोललो, आता माझ्याबद्दल खरं सांगायची पाळी तुमची. रागावला आहात हेही सांगितलंत तर माझी हरकत नाही, ते खरंच आहे. हा मुलगा घाबरट आहे, हळू बोलतो, हेही सांगा.*

*फक्त एक गोष्ट आधीच कळवून ठेवतो. तुमच्या नावापुढे 'उमेदवाराशी नाते' असा रकाना होता. तिथे मी 'काही नाही' असं लिहिलं आहे. सगळ्या फॉर्ममध्ये तेवढंच एक खोटं आहे. विचारलं तर तुम्हीही तेच सांगा.*